न गाळलेली माती

संपादकांच्या पत्रात होतं, अध्यात्म आणि निसर्ग मातीत उतरवणाऱ्या कलेविषयी तुमचे अनुभव लिहा. मी पत्र घेऊन मॅडमकडे गेलो. म्हटलं, "हे तुमचं पत्र चुकून माझ्या नावावर आलंय."

"चुकून नाही. मीच तुझं नाव सुचवलं. अध्यात्मावर मी खूप बोलून झालेय. मातीवर तू लिही."

म्हणून लिहितो आहे. माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे, हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही.

लोणावळ्यातल्या एका सिरॅमिक शिल्पांच्या स्टुडिओत मी बावीस वर्षं भट्टी सांभाळतो. मॅडम म्हणजे या स्टुडिओच्या मालकीण आणि शिल्पकार. माती, लोखंड, तांब्याची तार, जुनं लाकूड, दोरखंड असं एकत्र करून त्या शिल्पं घडवतात. विषय असतात श्वास, मौन, जंगल, पाणी. प्रदर्शनात शिल्पाशेजारी त्यांच्या नावाची पाटी असते. माझं नाव भट्टीच्या वहीत असतं: "भट्टी लावली, सकाळी सहा." दोन्ही नोंदी खऱ्या आहेत.

माझं गाव वडिवळे. घरात पहिला पदवीधर मी. तळेगावच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि त्या ज्ञानाच्या बळावर गॅस एजन्सीत सिलिंडर उतरवायच्या कामाला लागलो. एकदा मॅडमच्या स्टुडिओत सिलिंडर घेऊन गेलो, तर भट्टीची ज्योत पिवळी जळत होती. न राहवून म्हणालो, "हवा कमी पडतेय, काजळी धरेल." मॅडमनी विचारलं, "तुला कसं कळलं?" मी पदवी सांगितली. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या सिलिंडरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तो आधी खाली ठेव." पुढच्या महिन्यात त्यांनी मला सहा महिन्यांच्या सिरॅमिक प्रशिक्षणाला स्वखर्चाने पाठवलं. असे उपकार माणूस विसरत नाही. मी तर जरा जास्तच लक्षात ठेवले, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आमचं काम बाहेरच्याला वाटतं तितकं शांत नाही. ओली माती नीट वाळवली नाही, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि वस्तू भट्टीत फुटते, शेजारच्या चार घेऊन फुटते. म्हणून पोकळ मूर्तीला वाफ जाण्यासाठी कुठेतरी भोक ठेवावं लागतं. ध्यानस्थ मूर्तीला ते भोक कुठे पाडायचं, यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली आहे तेवढी ध्यानावर झालेली नाही. अखेर ते बुडाशी असतं.

गिऱ्हाइकं बहुतेक शनिवार-रविवारची. तुंगार्लीच्या एका बंगल्याचे मालक बुद्धमूर्ती परत घेऊन आले. तक्रार अशी, की "डोळे फारच मिटलेत हो. पाहुणे आले तरी बघत नाही असं वाटतं." एका बाईंना न्हाणीघरातल्या टबाशेजारी ठेवायला बुद्धाचं मस्तक हवं होतं. आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते. पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून विहारात जाते. त्यामुळे माझा हात पॅकिंगकडे जाईना. मी म्हटलं, "बाई, पाण्याजवळ कासव शोभेल. तेही तासन्‌तास डोळे मिटून बसतं." त्या एकदम खूश झाल्या. मग मॅडमनी सलग दोन वर्षं ध्यानस्थ कासवं केली. ती कल्पना कुठून आली, असं एका मुलाखतीत कुणी विचारलं, तेव्हा त्यांनी माझं नाव सांगितलं होतं. छापताना ते गळलं.

आता त्या झाडाकडे येतो.

पवनेच्या जलाशयावर, डोंगराच्या उतारावर एक ध्यानकेंद्र आहे. शहरातून माणसं येतात, मोबाइल वेताच्या टोपलीत जमा करतात आणि तीन दिवस मौन पाळतात. तिथल्या संचालकांनी ध्यानमंडपासाठी मॅडमना मोठं शिल्प सांगितलं. मॅडमनी झाड योजलं. मधोमध लोखंडी खोड, मंडपाच्या छतापर्यंत गेलेल्या लोखंडी फांद्या, आणि त्यांना तांब्याच्या तारेने टांगलेली भाजक्या मातीची एकशे आठ पानं. पान जेवणाच्या ताटाएवढं, वजनाला पाऊण किलो. साधक झाडाखाली बसणार, पानं त्यांच्या डोक्यावर दहा-बारा फुटांवर हलणार.

"माती इथलीच हवी," मॅडम म्हणाल्या. "पोत्यातली विकतची नको. तुमच्या गावात भाताची खाचरं आहेत ना?"

आमचंच एक छोटं खाचर आहे, वडिवळे धरणाच्या अंगाला. मी ते सांगितलं तेव्हा माझी छाती किती फुगली होती, हे मला अजून आठवतं. आमच्या चिखलाचं शिल्प होणार! भाताची कापणी झाल्यावर टेम्पो घेऊन गेलो. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, बांधावर बसून बघत होते.

"ह्या गाळाचं काय करनार म्हनलास?"

"झाड, आबा."

"झाड व्हय? मंग बांदावरचा उंबर काय वाईट हाय? त्यो उचला की."

"तो नाही, मातीचं झाड. त्याच्याखाली लोक डोळे मिटून बसणार."

"उंबराखाली बी बसत्यात. झोप लागती." आबांनी थोडा विचार केला. "न्ह्या बापडे. पन बांद फोडू नगा."

खाचराच्या मातीत शंख असतात. गोगलगायींचे, मुगाच्या डाळीपासून बोराएवढे, काही अख्खे, काही चुरा झालेले. अशी माती आम्ही पाण्यात कालवतो, बारीक चाळणीतून गाळतो, मग आटवून मळतो. मी पिंप भरून चाळणी लावणार, तेवढ्यात मॅडम आल्या. मातीत हात घालून त्यांनी एक शंख काढला, तळव्यावर ठेवला.

"हे गाळून टाकणार तू?"

"हो मॅडम. नाहीतर..."

"नको रे. निसर्ग गाळून घ्यायचा नसतो. आहे तसा राहू दे."

त्या "नाहीतर"पुढचं वाक्य मी गिळलं. ते वाक्य दहावीच्या पुस्तकात आहे. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हजार अंशाला भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. भट्टीतून पान बाहेर येतं तेव्हा छान दिसतं, ठणठणीत वाजतं. पण आत चुन्याचे खडे बसलेले असतात, आणि ते हवेतलं पाणी पीत राहतात. चुना पाणी प्याला की फुगतो. फुगला की वरची माती टवका होऊन उडते. घराला रंग देण्यासाठी ज्यांनी कळीचा चुना पाण्यात विरवलेला बघितलाय, त्यांना हे पुस्तकाशिवायही कळेल.

मी अगदीच गप्प राहिलो असं नाही. भट्टीच्या वहीत मी स्वच्छ लिहिलं: "माती गाळणे आवश्यक. शंखांचा चुना होऊन पुढे टवके उडण्याचा संभव." वही मुद्दाम मॅडमच्या टेबलावर उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीने त्यांचं अक्षर होतं: "तुझं अक्षर किती सुंदर आहे!"

यावर मी काय करायला हवं होतं, हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी मी इतकंच ठरवलं, की आपण सांगायचं काम केलं.

एप्रिलमध्ये झाड उभं राहिलं. खरंच सुंदर होतं. जुलैपर्यंत काही झालं नाही. मग लोणावळ्याच्या बाजूला पावसाळ्यात जे होतं ते झालं. धुकं घरात येऊन बसलं, पापड वाकू लागले, काडेपेट्या पेटेनात, आणि आमच्या खाचरातल्या गोगलगायी पाणी पिऊ लागल्या.

पहिला टवका सामूहिक ध्यान चालू असताना उडाला. चाळीस माणसं मौनात, आणि वरून आवाज आला, टिक. मग एका साधकाच्या मांडीवर नखाएवढी कपची पडली. संचालकांनी मॅडमना फोन केला. मी शेजारीच होतो. फोन ठेवून मॅडम माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"झाड पानगळ करतंय," त्या म्हणाल्या. "लोक रडले म्हणे. अनित्य म्हणजे काय ते त्यांना तीन दिवसांत नाही, एका क्षणात कळलं."

त्या महिन्यात केंद्राच्या माहितीपत्रकात नवं सत्र आलं, "पानगळ-ध्यान". साधक डोळे मिटून आवाजाची वाट बघत. ज्याच्या अंगावर टवका पडे त्याला भाग्यवान समजत. टवके कागदी पाकिटात घालून लोक घरी नेऊ लागले. मॅडमची दोन व्याख्यानं झाली. त्यात त्या म्हणायच्या, "मी माती मुद्दाम गाळली नाही." ते खरंच होतं. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या एका केंद्राने याच्या दुप्पट मोठं झाड सांगितलं. मातीही त्याच खाचरातली हवी, असं खास कळवलं. आबा म्हणाले, "आता उंबर बी न्ह्या म्हनावं."

मी दर पंधरवड्याला ध्यानमंडपात तारा तपासायला जात असे. तिथे झाडलोट करायला हौसामावशी होत्या, जवळच्याच वाडीतल्या, साठीच्या. एकदा मी शिडी घेऊन आत गेलो, तर त्या खाली पडलेला एक मोठा टवका हातात धरून नखाने त्याचा पांढरा ठिपका खरवडत होत्या.

"काय करताय मावशी?"

"चुना घेतीया. डबीतला सपला." तळहातावरच्या तंबाखूवर त्यांनी तो चोळला. "तुमच्या झाडाचा चुना लय कडक हाय बाबा. जीब भाजती."

"तुम्हाला कसं कळलं हा चुना आहे?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या पदवीची आपोआप गुंडाळी झाली. "चुना कळाया काय लागतंय? पन झाडाला चुना कुनी घातला?"

मी म्हटलं, "आहे तसा राहिला तो." आणि शिडी लावली.

तोपर्यंत मी स्वतःची समजूत काढत होतो, की नखाएवढे टवके पडतात, कुणाला काय इजा होणार? पान काही पडत नाही. पानाला देठाशी भोक आहे, भोकात तार आहे, तार मी स्वतः ओवली आहे. चुन्याचा खडा कुठे बसावा हे मात्र मी ठरवलं नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी मी मंडपात गेलो, तेव्हा मावशी दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पदराखालून पानाचे दोन तुकडे काढले.

"ह्ये काल आलं खाली. मी झाडत व्हते. माज्या पाठीमागं पडलं, हातभर बी अंतर न्हवतं."

मी तुकडा हातात घेतला. देठाच्या भोकाला लागूनच वाटाण्याएवढा खड्डा होता आणि त्यात पांढरी पूड. भोक फुटून तार सुटली होती. शिडीवर चढून जेवढ्या देठांपर्यंत हात पोचला तेवढी बघितली. आठ-नऊ ठिकाणी भोकाशेजारी तसाच पांढरा ठिपका होता, वर केसासारखा तडा.

दहा वाजता सत्र होतं. चाळीस माणसं, मधे मॅडम, प्रमुख पाहुण्या म्हणून. मी त्यांना फोन लावला. तो मंडपाबाहेरच्या वेताच्या टोपलीत वाजला. त्या आदल्या रात्रीपासून मौनात होत्या. संचालकांच्या खोलीशी गेलो, तर दारावर पाटी होती: "मी मौनात आहे. चिठ्ठी लिहा." मी चिठ्ठी लिहिली. तिथे आधीच्या बऱ्याच चिठ्ठ्या न उघडलेल्या पडल्या होत्या. एवढ्यात दहाची घंटा झाली, आणि माणसं दुसऱ्या दाराने आत जाऊन झाडाखाली बसलीही.

मी भट्टीचा एप्रन घातलेला, हातात फुटकं पान. तसाच आत गेलो.

"सगळे उठा," मी म्हणालो. माझा आवाज फारच नम्र निघाला. "कृपया सगळ्यांनी उठा. वरून पान पडू शकतं."

कुणी हललं नाही. दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर मंद हसू आलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे न उघडता मला हात जोडले. आदल्या सत्रात म्हणे कुणी मधेच येऊन थाळी वाजवली होती, विचारांत व्यत्यय आला तरी स्थिर कसं राहायचं ते शिकवायला. मीही त्यातलाच एक व्यत्यय ठरलो.

"पान पडतं," मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने.

"पान पडतं," मागून एक गृहस्थ डोळे मिटून पुटपुटले आणि त्यांनी खोल श्वास घेतला.

मॅडमनी डोळे उघडले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण उठत नव्हत्या. तेवढ्यात माझ्या शेजारून हौसामावशी आत शिरल्या. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात पाण्याची बादली.

"सरका! सरका की वो! पानी सांडलंय! आसन भिजंल!"

आणि त्यांनी बादली खरंच ओतली.

मृत्यू, अनित्य, पानगळ यांनी न हललेली चाळीस माणसं आसनं उचलून एका क्षणात भिंतीला लागली. मावशींनी झाडाखालची फरशी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडायला घेतली, म्हणजे कुणाला परत बसता येणार नाही.

साधकांतच बसलेले संचालक रागाने लाल झाले होते, पण मौनात होते. त्यांनी खिशातून वही काढून भराभरा लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं: "हे काय चाललंय?" मी पान दाखवलं, चुना दाखवला, काल कुठे पडलं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पुन्हा लिहिलं आणि वही मावशींपुढे धरली.

"मला वाचता येत न्हाई," मावशी म्हणाल्या.

मी वाचलं, "कालच का सांगितलं नाही?"

"घ्या!" मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "तुमीच म्हनला व्हतात न्हवं, मावशी, हितं बोलायचं न्हाई?"

संचालकांनी वही मिटून खिशात ठेवली.

त्या दिवशी एकही पान पडलं नाही. हेही सांगायला हवं. भिंतीला टेकलेल्या लोकांपैकी काहींना आजही वाटत असेल, की एका वेड्या कारागिरामुळे त्यांचं सत्र वाया गेलं. दुपारी मंडप रिकामा केला, आणि मी व मॅडमनी मिळून पानं उतरवली. मी शिडीवर, त्या खाली शिडी धरून. डोक्याला त्यांनी केंद्राच्या स्वयंपाकघरातलं पातेलं घातलं होतं. एरवी हसलो असतो. भाजलेली वस्तू पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली तर चुना एकदाच काय ते पाणी पिऊन घेतो. फुटायचं ते तिथेच फुटतं. म्हणून आवारातल्या टाकीत आम्ही पानं एकेक करून सोडत होतो. पाण्याखालून बारीक आवाज येत होते.

मॅडम म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"माती आणली तेव्हापासून. मी वहीत लिहिलं होतं."

"लिहिलं होतंस. सांगितलं नव्हतंस." त्यांनी हातातलं पान पाण्यात सोडलं. "त्या झाडाखाली मी बसत होते. ती मावशी रोज झाडत होती. का नाही बोललास?"

मी खरं ते सांगितलं. "तुमचे उपकार आहेत मॅडम. मला तुम्ही कुठून कुठे आणलं. तुम्हाला नाही कसं म्हणू?"

मला वाटलं होतं, त्यांना भरून येईल. उलट त्यांचा आवाज चढला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"उपकार? अरे, ज्योत पिवळी आहे हे तू मला तोंडावर सांगितलंस म्हणून मी तुला ठेवलं! सिलिंडर उतरवणारा पोरगा बोलला, आणि माझा माणूस झाल्यावर गप्प बसलास?"

इतकी वर्षं मी ज्याला कृतज्ञता समजत होतो, त्यात थोडी भीतीही मिसळली होती, आणि आमच्या चिखलाचा थोडा गर्वही. ते मी कधी गाळून घेतलं नव्हतं.

तिसऱ्या दिवसापर्यंत निम्म्याहून जास्त पानांना तडे गेले. मॅडमनी दुसऱ्या केंद्राला स्वतः पत्र लिहून झाडाचं काम नाकारलं आणि कारणही लिहिलं, शंखांसकट. त्यांचं उलट उत्तर आलं, की कारण अतिशय सखोल आहे, ते आम्ही माहितीपत्रकात छापू का? पवनेच्या ध्यानमंडपात लोखंडी झाड पानांशिवाय उभं आहे. संचालकांनी त्याला "शून्य" असं नाव दिलं आहे. गर्दी पूर्वीपेक्षा जास्त असते म्हणतात. हौसामावशी चुना आता कामशेतच्या बाजारातून आणतात.

मॅडम माझ्याशी चार दिवस कामापुरतंच बोलल्या. मग एक नवीन काम घेऊन आल्या. उडणारा बगळा, पंख पसरलेले, सगळा भार एका बारीक पायावर. माती चाळणीतून दोनदा गाळलेली. टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "बोल."

मी तो चारी बाजूंनी बघितला. म्हणालो, "मॅडम, हा भट्टीत उभा राहणार नाही. पाय वाकेल."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तो तरीही भट्टीत ठेवायला सांगितला. मी ठेवला आणि वहीत लिहिलं, "पाय वाकेल असं तोंडी सांगितलं आहे." दोन दिवसांनी भट्टी थंड झाल्यावर आम्ही दोघांनी दार उघडलं. बगळा एका पायावर सरळ उभा होता. केसभरही झुकला नव्हता.

मी मान खाली घातली. मॅडमनी बगळा दोन्ही हातांनी बाहेर काढला, उजेडात धरला, पायावरून बोट फिरवलं.

"चुकलास," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळीही सांग."